हॉटेल गुंतवणूकदारांच्या वार्षिक परिषदेला कोकणातल्या लहान मालकाने जावे का?

सुरुबन, वेंगुर्ले (प्रश्न)

नमस्कार. वेंगुर्ले तालुक्यात किनाऱ्यापासून थोडे आत आमच्या कुटुंबाची चौदा खोल्यांची निवासव्यवस्था आहे. वडिलांनी न्याहारी-निवास योजनेत घरातल्याच खोल्या पर्यटकांना देऊन सुरुवात केली आणि पुढे आम्ही दोघा भावांनी मागच्या माडांच्या बागेत नव्या खोल्या बांधल्या. मे महिन्यात, दिवाळीत, नाताळात आणि जोडून सुट्ट्या आल्या की आमच्याकडे खोली मिळत नाही. उलट आगोट लागली, किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे व्यवसाय बंद झाले आणि मालवणहून किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या थांबल्या की गणपती होईपर्यंत बहुतेक खोल्यांना कुलूप असते. कामगारांचा पगार, वीजबिल आणि बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने चालू राहतो.

गेल्या हंगामात एका हॉटेल साखळीच्या विकास विभागातील अधिकारी आमच्याकडे मुक्कामाला होते. शेजारची आमचीच दोन एकर जागा पाहून त्यांनी असे सुचवले की तेथे आम्ही चाळीस खोल्यांचे हॉटेल बांधावे आणि नाव व व्यवस्थापन त्यांच्या कंपनीचे असावे. मोप्याच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाल्यामुळे उत्तर गोव्यात उतरणारा पर्यटक आता सहज इकडे येऊ शकतो, हे त्यांचे म्हणणे मलाही पटते. निर्णय घेण्यापूर्वी हॉटेल व्यवसायातील गुंतवणूकदार आणि उच्चाधिकारी यांच्या वार्षिक परिषदेला एकदा येऊन जा, असेही त्यांनी आग्रहाने सांगितले. दक्षिण आशियासाठीची अशी परिषद हिक्सा या नावाने २००५ पासून भरते आणि तेथे साखळ्यांचे प्रमुख, बँका, गुंतवणूक निधी आणि सल्लागार एकत्र येतात, एवढे मी वाचून काढले आहे.

नोंदणी शुल्क, प्रवास आणि महानगरातील मुक्काम धरला तर आमच्यासारख्यांना हा खर्च लहान नाही. माझ्या थोरल्या भावाचे म्हणणे असे की तोच पैसा सांडपाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीला लावावा, आणि ते मला चुकीचे वाटत नाही. तरीही पुढच्या वीस वर्षांचा निर्णय केवळ एका अधिकाऱ्याच्या शब्दावर घ्यावा असेही वाटत नाही. अशा परिषदेत चाळीस खोल्यांच्या मालकाला कोणी उभे करून घेते का, तेथे नेमके काय ऐकावे, कोणाला भेटावे, आणि जायचे ठरल्यास बरोबर कोणती तयारी असावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

किनारा ते कुलाबा

आपला प्रश्न मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी मूळचा रत्नागिरीचा. मुंबईत हॉटेलमालकांच्या वतीने त्यांच्या मालमत्तांचे कामकाज पाहतो. हॉटेल चालवणारी कंपनी वेगळी असते आणि ती मालकाचा पैसा नीट वापरते की नाही यावर लक्ष ठेवणे हे माझे काम आहे. मालक आणि चालक वेगळे असतात म्हणूनच ही परिषद भरते.

१९९३ मध्ये अमेरिकेतील मॅरियट कंपनीने आपले दोन भाग केले. इमारतींची मालकी आणि त्यांवरील कर्जाचा मोठा बोजा एका कंपनीकडे गेला, तर नाव आणि व्यवस्थापन दुसरीकडे राहिले. पुढे जगातील इतर मोठ्या साखळ्याही याच वाटेने गेल्या. आपल्याकडे ताज, ओबेरॉय आणि आयटीसी यांनी दीर्घकाळ स्वतःच्या मालकीची हॉटेले उभारली, परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत येथेही चित्र पालटले असून जमीन व इमारत एखाद्या बांधकाम व्यावसायिकाची किंवा जमीनदार कुटुंबाची आणि पाटी साखळीची, असा प्रकार रूढ झाला आहे. त्यामुळे जमीन असलेला, नाव असलेला आणि पैसा असलेला, अशा तिघांना वर्षातून एकदा एका छताखाली आणणारी जागा लागते. लॉस एंजेलिसला जानेवारीत भरणारी ॲलिस, बर्लिनची आयएचआयएफ आणि आपली हिक्सा या तिन्ही परिषदांचा गाभा हाच आहे. व्यासपीठावर चर्चासत्रे होतात, पण लोक खरे येतात ते सत्रांच्या मधल्या वेळेतील भेटींसाठी.

तेथे काय बोलले जाते ते समजून घेण्यासाठी एक आकडा मनात पक्का करून जा. त्याला रेव्हपार म्हणतात. एकूण उपलब्ध खोल्यांमागे, म्हणजे रिकाम्याही धरून, दररोज सरासरी किती खोलीभाडे मिळाले, तो हा आकडा. समजा मे महिन्यात आपली खोली ४,००० रुपयांना जाते आणि ९० टक्के खोल्या भरतात, तर रेव्हपार ३,६०० रुपये होतो. जुलैमध्ये तीच खोली २,००० रुपयांना दिली आणि १५ टक्केच भरल्या, तर तो ३०० रुपयांवर येतो. मंचावरचे वक्ते देशाची वार्षिक सरासरी सांगतील आणि ती ऐकून उत्साह वाटेल, पण सरासरीने जुलैचा पगार भागत नाही. आपल्या किनाऱ्याचा विचार बारा वेगवेगळ्या महिन्यांचा करावा लागतो, आणि तो करून आणलेला मालक तेथे फार क्वचित दिसतो. म्हणून बरोबर न्यायची पहिली गोष्ट म्हणजे गेल्या तीन वर्षांचा महिनावार तक्ता: किती खोल्या भरल्या, कोणत्या दराने, आणि त्यांपैकी किती थेट दूरध्वनीवरून, किती संकेतस्थळांच्या दलालीतून आल्या. हा तक्ता एका पानावर असला तर समोरचा माणूस खुर्ची ओढून बसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे आलेल्या अधिकाऱ्याची बाजूही समजून घ्या. हॉटेल कंपन्यांपैकी लेमन ट्री २०१८ मध्ये शेअर बाजारात आली, चॅलेट २०१९ मध्ये, सम्ही २०२३ मध्ये, पार्क आणि ज्युनिपर २०२४ मध्ये, आणि २०२५ मध्ये आयटीसीपासून वेगळी झालेली हॉटेल कंपनीही बाजारात नोंदली गेली. बाजारातील गुंतवणूकदारांना साखळी दर तिमाहीला सांगते की आम्ही इतक्या नव्या हॉटेलांचे करार केले. मालकीची इमारत नसताना व्यवस्थापन शुल्क मिळत असेल तर साखळीचे भांडवल अडकत नाही, म्हणून असे करार वाढवण्याकडे तिचा कल असतो. तो अधिकारी आपल्याला फसवतो आहे असे मुळीच नाही, परंतु करार झाला की त्याचे उद्दिष्ट पूर्ण होते आणि आपली जबाबदारी तेथून सुरू होते. परिषदेत घोषणा ऐकताना करार झालेल्या खोल्या किती आणि प्रत्यक्ष उघडलेल्या किती, हे दोन आकडे वेगळे विचारा. या दोहोंतील अंतर ज्या साखळीकडे कमी, तिच्याशी पुढे बोलावे.

आता आपल्याला उभे करून घेतील का, याचे उत्तर. मोठे निधी चाळीस खोल्यांत पैसे घालत नाहीत, त्यांच्यामागे वेळ दवडू नका. पण मध्यम दर्जाच्या साखळ्यांना पर्यटनस्थळांवरील लहान हॉटेले हवी असतात, आणि ताजसारख्या समूहानेही ॲमा या नावाखाली बंगले आणि जुनी घरे चालवायला घेतली आहेत, म्हणजे लहान आकाराला दार बंद राहिलेले नाही. निर्णय खरोखर समोर असेल तरच जा. केवळ वातावरण पाहण्यासाठी हा खर्च करू नका. जाणार असाल तर उपस्थितांची यादी आधी मिळवून निदान तीन वेगवेगळ्या साखळ्यांच्या भेटीच्या वेळा ठरवा, आणि त्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे त्याच साखळ्यांचे चाळीस-पन्नास खोल्यांचे विद्यमान मालक शोधून त्यांच्याशी बोला. वर्षभरात किती महाव्यवस्थापक बदलले, नूतनीकरणाचा खर्च कोणी ठरवला आणि कोणी भरला, साखळीच्या आरक्षण यंत्रणेतून प्रत्यक्षात किती पाहुणे आले, हे तीन प्रश्न विचारा. मालक मालकाशी मोकळेपणाने बोलतो. माझ्या मते परिषदेचे शुल्क वसूल होते ते याच संभाषणांतून.

तवसाळकर वहिनी

सुरुबन दादा, मी आणि माझ्या जाऊबाई गुहागर तालुक्यात खाडीकाठी एक छोटे घरगुती लॉज चालवतो. वरील उत्तरातील माहिती उपयुक्त आहे, परंतु त्यातला क्रम मला मान्य नाही. आपण परिषदेला जाण्याआधी तलाठ्याकडे आणि भूमी अभिलेख कार्यालयात जावे असे मी अगदी कळकळीने सुचवते.

आपल्या दोन एकरांचा सातबारा कोणाच्या नावावर आहे? कोकणात एकाच गटावर पणजोबांपासूनच्या वारसांची नावे असतात, त्यांतील निम्मे मुंबईत, कोणी परदेशात, कोणाच्या मृत्यूनंतर वारस तपासच झालेला नाही, आणि एखाद्या आत्याचा हक्क कागदावर शिल्लक असल्याचे घरातल्यांनाही ठाऊक नसते. जमीन कुळकायद्यात मिळालेली असेल तर कलम ४३ ची (विक्री-हस्तांतरावरील बंधनाची) अट आहे का ते इतर हक्काच्या रकान्यात पाहावे लागते. आमच्या शेजारच्या वाडीत एका कुटुंबाची जागा एका मोठ्या कंपनीने पसंत केली होती, दर ठरला होता, आराखडाही झाला होता. बँकेच्या वकिलाने शोध अहवाल मागितला तेव्हा दोन चुलत भावांच्या सह्या मिळेनात आणि सगळे तिथेच थांबले. त्या मालकाने परिषदेत कितीही चांगला तक्ता दाखवला असता तरी उपयोग झाला नसता.

दुसरे, समुद्रापासूनचे अंतर. सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले आहेत. ज्या गावांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त आहे, तेथे भरतीरेषेपासून ५० मीटरचा पट्टा बांधकामास निषिद्ध आहे. बाकीच्या गावांत तो २०० मीटरचा आहे, आणि आपल्याकडची बहुतेक गावे या दुसऱ्या वर्गातच बसतील. खाडी असेल तर खाडीचाही पट्टा मोजावा लागतो. तुमची जागा "किनाऱ्यापासून थोडे आत" आहे असे तुम्ही लिहिले आहे, पण प्राधिकृत संस्थेकडून भरतीरेषा आखून घेतल्याशिवाय त्या "थोडे" या शब्दाला काहीच किंमत नाही. साखळीचा अधिकारी समुद्र दिसतो म्हणून जागा पसंत करतो आणि नेमका तोच भाग बांधता येत नाही, असे होऊ शकते.

आणि कोकणात मोठ्या हॉटेलांचा इतिहासही डोळ्यांसमोर ठेवा. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तुमच्याच तालुक्यातील शिरोडा-वेळागर येथील पंचतारांकित हॉटेलचा विषय किती वर्षे चालला हे तुम्ही आमच्यापेक्षा जवळून पाहिले आहे. तेथील जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने ताज समूहाला देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती २०२१ मध्ये. एवढे नाव आणि एवढे भांडवल असूनही गावाशी असलेले प्रश्न सुटायला दशके लागतात, तर आपण गावात राहणाऱ्यांनी ग्रामसभेशी आणि मच्छीमार बांधवांशी आधी बोलणे हेच शहाणपणाचे ठरेल. होड्या ओढून ठेवण्याची जागा, रापणीची जागा, मसणवट, देवाची वहाळापलीकडची पाऊलवाट, या गोष्टी कोणत्याही सल्लागाराच्या अहवालात येत नाहीत आणि भांडण मात्र त्यांच्यावरूनच होते.

तुमच्या थोरल्या भावांचे सांडपाण्याबद्दलचे म्हणणे मी उचलून धरते. आमच्याकडे मे महिन्यात विहिरीचे पाणी मचूळ होते. चाळीस खोल्यांना रोज लागणारे पाणी कोठून येणार आणि वापरलेले पाणी कोठे जाणार, याचे उत्तर नसेल तर शेजाऱ्याच्या विहिरीत ते जाईल आणि आपण गावाला तोंड दाखवू शकणार नाही. मला या विषयाची इतकी काळजी वाटते की थोडे कडक लिहिले गेले असेल, त्याबद्दल राग मानू नये.

जमाखर्च, रत्नागिरी

मी सनदी लेखापाल आहे आणि जिल्ह्यातील बऱ्याच लॉजमालकांची विवरणपत्रे भरतो. वहिनींचे म्हणणे बरोबर आहे, परंतु कागद स्वच्छ आहेत असे गृहीत धरून एक हिशेब मांडतो, कारण हा हिशेब न करता परिषदेत गेलात तर तेथील टक्केवाऱ्या फार लहान वाटतील. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा चाळीस खोल्यांच्या हॉटेलची वर्षाची एकूण उलाढाल ४ कोटी रुपये झाली. व्यवस्थापन करारात मूळ शुल्क उलाढालीवर आणि प्रोत्साहन शुल्क चालू नफ्यावर, म्हणजे हॉटेल चालवण्याचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर, असते. मूळ शुल्क ३ टक्के धरले तर १२ लाख झाले. चालू नफा ३५ टक्के, म्हणजे १ कोटी ४० लाख, आणि त्यावर ८ टक्के प्रोत्साहन शुल्क धरले तर ११ लाख २० हजार. दोन्ही मिळून २३ लाख २० हजार. येथे बहुतेक मालकांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीभाड्यावर जीएसटी ५ टक्के झाला, त्याआधी तो १२ टक्के होता. पाहुण्याला ते स्वस्त पडते, पण या दरात मालकाला इनपुट क्रेडिट, म्हणजे स्वतः भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. साखळीच्या शुल्कावर मात्र १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो पूर्ण खर्चात जातो. म्हणून ते २३ लाख २० हजार प्रत्यक्षात सुमारे २७ लाख ४० हजार होतात. शिवाय फर्निचर आणि उपकरणे बदलण्यासाठी उलाढालीच्या ४ टक्के राखीव ठेवायला सांगितले तर आणखी १६ लाख बाजूला जातात. म्हणजे हाती राहिले सुमारे ९६ लाख ६० हजार. अजून विमा आणि घरपट्टी वजा केलेली नाही.

आता बांधकाम खोलीमागे ४० लाखांनी १६ कोटींचे झाले आणि त्यांतील ६० टक्के कर्ज १० टक्के व्याजाने घेतले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच ९६ लाख होते. मुद्दल फेडायला काही उरत नाही. परिषदेत कोणी तुम्हाला हे चुकीचे सांगेल असे नाही, पण तुमच्यासाठी हा हिशेब तेथे कोणी मांडूनही देणार नाही. खोलीमागचा खर्च कमी करता येतो का, की प्रथम वीस खोल्या बांधून पुढचा टप्पा नंतर घ्यावा, हे प्रश्न तेथील वास्तुविशारदांना आणि बँकवाल्यांना विचारण्यासारखे आहेत.

कर्जाबाबत एक उपयोगी बाब. हॉटेलला पायाभूत सुविधेचा दर्जा मिळण्यासाठी प्रकल्प २०० कोटींचा लागतो, असे परिषदांत सतत ऐकू येते आणि ही मर्यादा खाली आणावी ही मागणीही दरवर्षी होते. परंतु केंद्राच्या त्याच यादीत दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांबाहेरील तीन तारांकित किंवा त्यावरील वर्गीकृत हॉटेलांचा स्वतंत्र उल्लेख आहे. वेंगुर्ले त्यात बसते. शाखेतील अधिकाऱ्याला हे बहुधा माहीत नसते, म्हणून परिषदेला आलेल्या बँकेच्या मुख्यालयातील माणसाकडून त्याची बँक असे कर्ज कोणत्या मुदतीने देते हे लेखी मागवून घ्या. लांब मुदतीचे कर्ज मिळाले तर वरचा हिशेब बराच बदलतो. महाराष्ट्राने आतिथ्य क्षेत्राला दिलेला उद्योगाचा दर्जा १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. वीज आणि करांचे औद्योगिक दर मिळण्यासाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आणि पात्रता लागते, तीही आधीच पाहून ठेवा.

सुरुबन, वेंगुर्ले

आपणा तिघांचेही मनापासून आभार. वहिनी, राग मानण्याचा प्रश्नच नाही. सातबारा वडिलांच्या आणि एका काकांच्या नावावर आहे, काकांची मुले बोरिवलीला असतात आणि संबंध चांगले आहेत, तरी वारसांची नोंद मी या महिन्यातच करून घेतो. भरतीरेषेच्या आखणीसाठीही अर्ज करतो. जमाखर्च साहेबांचा हिशेब आम्ही दोघा भावांनी जेवणानंतर पाटावर कागद ठेवून पुन्हा मांडला आणि चाळीस खोल्या एकदम बांधायच्या नाहीत यावर आमचे एकमत झाले. वीस खोल्यांसाठी साखळी तयार होईल की नाही हे तेथे गेल्यावरच कळेल, म्हणून या वर्षी मी एकटा जाऊन यावे असे ठरते आहे.

एक शंका राहते. समजा साखळीने कराराचा मसुदा दिला आणि पुढे त्यांचे काम समाधानकारक झाले नाही, तर पंधरा-वीस वर्षे आम्ही बांधलेलेच राहणार का? अशा करारातून बाहेर पडण्याची वाट असते का, आणि असली तर ती परिषदेतच विचारणे योग्य दिसेल का?

किनारा ते कुलाबा

योग्यच दिसेल, आणि विचारलेच पाहिजे. वहिनींनी सुचवलेला क्रमही मी मान्य करतो. कागद आधी, परिषद नंतर.

आपण म्हणता ती वाट म्हणजे कामगिरीची कसोटी. चांगल्या करारात सहसा दोन अटी एकत्र असतात. हॉटेलचा चालू नफा मंजूर अंदाजपत्रकाच्या ठरावीक टक्क्यांपेक्षा खाली गेला आणि त्याच वेळी रेव्हपार आसपासच्या स्पर्धक हॉटेलांच्या तुलनेत ठरलेल्या प्रमाणाखाली राहिला, असे सलग दोन वर्षे घडले तर मालकाला करार संपवता येतो. यात साखळीला तूट भरून देऊन करार टिकवण्याची मुभाही बहुधा ठेवलेली असते. ती किती वेळा वापरता येईल याला मर्यादा घालून घ्या. हॉटेल विकण्याची वेळ आली तर नव्या मालकावर करार बंधनकारक राहील का, याचे कलम वेगळे असते, तेही पाहा. व्यवस्थापनाऐवजी केवळ नाव घेण्याचा पर्याय, म्हणजे फ्रँचायझी, वीस खोल्यांसाठी अधिक सोयीचा ठरू शकतो, कारण तुमचा भाऊ आणि तुम्ही हॉटेल स्वतः चालवता आहातच.

कोकणात या कसोटीची खरी अडचण स्पर्धकांच्या यादीत आहे. अशी तुलना करणारी आकडेवारी एसटीआर ही संस्था गोळा करते. २०१९ पासून ती कोस्टार समूहाकडे आहे. तिला आकडे देणारी पुरेशी हॉटेले आसपास असावी लागतात, आणि वेंगुर्ले, मालवण, सावंतवाडी मिळून नियमित आकडे देणारी हॉटेले तितकी सापडणे कठीण आहे. मग साखळी यादीत पावसाळ्यात बंदच राहणारी दोन-चार ठिकाणे घालते आणि कसोटी कधीच लागू होत नाही. म्हणून भेटीच्या वेळीच विचारा की आपल्या प्रकल्पाचे उत्पन्न त्यांनी कोणत्या हॉटेलांचे दर पाहून काढले आहे. अंदाज जर मोरजी-मांद्रे या उत्तर गोव्याच्या पट्ट्यातील दरांवरून केला असेल, तर कसोटीच्या यादीतही त्याच पट्ट्यातील हॉटेले घालावीत अशी मागणी करा, आणि त्यांचे उत्तर त्याच दिवशी स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. मसुदा हाती येईल तेव्हा येथे कळवा. कलमे वाचायला मी वेळ काढीन.